पहिल्या दिवसापासून मऊ

नर्सने एवढंच सांगितलं होतं, की लिबोरिओच्या अंगाला लागणारी प्रत्येक वस्तू स्वच्छ हवी. नुन्झियाने ते मनावर घेतलं. तिने नवऱ्याचे टॉवेल उकळले, उशांचे अभ्रे उकळले आणि शेवटी पास्त्याच्या मोठ्या पातेल्यात त्याचा दाढीचा ब्रश टाकला. सोबत मूठभर मीठही, कारण पाणी उकळायला लागलं की मीठ टाकायचं हे तिच्या हाताला इतकं ठाऊक होतं, की त्यात तिचा विचार कुठे नव्हताच. झाकण उघडलं तेव्हा लाकडी मूठ तळाशी गेली होती आणि केस वर तरंगत होते.

तिने मुलीला हाक मारली. नोएमीने काट्याने दोन-चार केस उचलून खिडकीच्या उजेडात धरले. ती कातानिया शहरात रसायनशास्त्र शिकली होती आणि तिथेच एका प्रयोगशाळेत कृत्रिम तंतूंवर काम करत होती. सध्या रजा घेऊन गावी आली होती.

"बुडाचा डिंक सुटलाय," ती म्हणाली. "आणि केसही गेले. केस म्हणजे प्रथिनंच ना आई, अंड्यासारखी. उकळल्यावर..."

"ते मला नको सांगूस. त्याला काय सांगू ते सांग."

पण लिबोरिओ दारात येऊन उभा होता, भिंतीला एक हात टेकून. त्याने पातेल्यात डोकावून पाहिलं.

"मीठ बरोबर पडलंय का, चाखलंस?" त्याने बायकोला विचारलं.

नुन्झिया हसली आणि लगेच पाठ फिरवून आधीच धुतलेली भांडी पुन्हा विसळायला लागली.

लिबोरिओ गावाचा न्हावी. सगळे त्याला मास्त्रो, म्हणजे उस्ताद, म्हणत. वसंतात पोट दुखायला लागलं तेव्हा त्याने दुकान तानोला देऊन टाकलं. तानो त्याच्याच हाताखाली वस्तरा धरायला शिकला होता आणि आता त्याचेही केस पिकले होते. खुर्च्या, आरसे, कात्र्या, ब्रश, सगळं तानोकडे गेलं. लिबोरिओने स्वतःच्या दाढीचा ब्रश तेवढा घरी आणला होता.

पोटातल्या दुखण्याला घरात 'सूज' म्हणत. ती सूज नव्हती, हे नुन्झियाला ठाऊक होतं, नोएमीला, तानोला, पाद्रीबाबांना, बेकरीवाल्याला ठाऊक होतं. ज्याला दुखत होतं त्याला तेवढं कुणी सांगितलं नव्हतं. डोंगरातल्या आमच्या गावांत अशी बातमी आजाऱ्याला देत नाहीत. डॉक्टर घरच्या माणसाला व्हरांड्यात बोलावून सांगतात, आणि घरचं माणूस चेहरा नीट करून आत येतं. ऑगस्टमध्ये इंजेक्शनं थांबवली, कारण आता त्यांचा उपयोग नव्हता. लिबोरिओला सांगितलं, सूज उतरली म्हणून थांबवली.

नोएमीने त्यावरून आईशी वाद घातला होता. "निदान विचारा तरी त्यांना, जाणून घ्यायचंय का म्हणून. शरीर त्यांचं आहे."

"शरीर त्याचं आहे, कबूल. आणि झोप कुणाची?" नुन्झिया म्हणाली होती. "तू कातानियाला परत जाशील. त्याच्या शेजारी मी झोपते. ज्या दिवशी त्याला कळेल त्या दिवसापासून तो खाटेवरून उठणार नाही. त्याच्या वडिलांचं तेच झालं, डोळ्यांनी पाहिलंय मी. माझी शपथ आहे तुला. तोंडानं सांगायचं नाही, डोळ्यांनंसुद्धा नाही."

नोएमीने शपथ घेतली. आईचं म्हणणं तिला पटलं नव्हतं, पण शपथ घेताना आईने धरलेला हात तिला सोडवता आला नाही.

ब्रशचं कळल्यावर तानो त्याच संध्याकाळी आला. "मास्त्रो, माझ्याकडचा घ्या ना. तुम्हीच तयार केलेला आहे, लोण्यासारखा."

"गावभरच्या तोंडांवरून फिरलेला?" नुन्झिया मधेच म्हणाली. "नर्सनं काय सांगितलंय?"

"ताई, धुऊन आणतो."

"धुऊन आणून काय होतं? मी उकळून पाहिलं, त्याचं काय झालं?"

लिबोरिओ हसत होता, पोटावर तळवा दाबून. मग तो मुलीकडे वळला.

"तू परवा एका दिवसासाठी प्रयोगशाळेत जाणार आहेस ना? येताना नवा घेऊन ये. केसांचाच पगार घेतेस, तर बापासाठी एक झुपका निवड."

"कुठला आणू?"

"ते मी सांगणार नाही. तू निवड."

हे त्याच्या स्वभावातलं नव्हतं. ब्रशच्या बाबतीत लिबोरिओ कुणावर विश्वास टाकत नसे. त्याच्या दुकानात फक्त डुकराच्या केसांचे ब्रश असत. नवे असताना ते झाडूसारखे टोचतात. प्रत्येक नवा ब्रश तो आधी स्वतःच्या हाताला सोसायला लावी. दुकान बंद झाल्यावर कोमट पाण्यात भिजवायचा, साबणावर फिरवायचा, डाव्या तळव्यावर फेस काढायचा, धुवायचा, झटकून टांगायचा. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. असं करता करता प्रत्येक केसाचं टोक फाटतं, एकाचे दोन होतात, दोनाचे तीन, आणि ब्रश मऊ पडतो. याला महिने लागत. तोवर तो ब्रश गिऱ्हाइकाच्या गालाला लागत नसे. शाळेच्या सूक्ष्मदर्शकाखाली नोएमीने पहिल्यांदा जे काही पाहिलं होतं, ते त्यातल्या एका केसाचं टोक होतं. ते फाटलेलं टोक तिला झाडाच्या फांदीसारखं दिसलं होतं, आणि घरी येऊन तिने वडिलांना त्याचं चित्र काढून दाखवलं होतं.

कातानियात मासळीबाजाराच्या मागे न्हाव्यांच्या सामानाचं एक दुकान आहे. मालकीणबाई सिन्योरा मेलीना गल्ल्यामागे उंच स्टुलावर बसून लसणीचा पापुद्रा सोलावा तसा नखांचा रंग काढत बसल्या होत्या.

"नवऱ्यासाठी?" त्यांनी विचारलं.

"वडिलांसाठी."

"मग चांगला दाखवते. नवऱ्यासाठी असता तर खालच्या खणातला दिला असता."

नोएमीने सिंथेटिक ब्रश मागितले. तीन प्रकार समोर आले. तिने वाटीभर पाणी मागून घेतलं आणि एकेक ब्रश ओला करून मनगटाच्या आतल्या बाजूला टेकवला, मग वरच्या ओठावर, मग मिटलेल्या पापणीवर, कारण अंगावर त्याहून पातळ कातडी नाही. इंजेक्शनांनी वडिलांच्या गालांची कातडी तशीच करून ठेवली होती, लाल आणि कागदासारखी. पांढरा झुपका फार ताठ होता. काळा अतिशय मऊ होता, पण दाबला की आडवा पडून राहत होता; त्याने फेस करायला मनगटात जोर हवा, आणि तो वडिलांच्या मनगटात आता नव्हता. तिसरा तपकिरी. त्याची टोकं निमुळती होती. लोक नायलॉन म्हणत असले तरी हे तंतू पॉलिएस्टरचे असतात आणि त्यांची टोकं कॉस्टिक सोड्यात बुडवून झिजवतात, हे तिला माहीत होतं. ही टोकं कुणीतरी निगुतीने झिजवलेली होती. झुपका दाबला तर हळूच परत उभा राहत होता. मूठ हलकी आणि कमरेत बारीक, म्हणजे ओल्या हातातून निसटणार नाही. त्यातही तिने लहान झुपक्याचा निवडला. गाल आत गेले की मोठा झुपका नाकाडोळ्यांत जातो.

"वडील करतात काय?" सिन्योरा मेलीनांनी विचारलं.

"न्हावी आहेत."

"न्हावी? आणि तू त्याला नायलॉन नेतेस? घरात घेणार नाही तुला." त्यांनी मागच्या फळीवरून एक जाडसर ब्रश काढला. "हा ने. अस्सल डुकराचा. आज टोचेल, शिव्या देईल. पण ख्रिसमसपर्यंत बघ, रेशीम होईल गालावर."

सप्टेंबर संपत आला होता. नोएमीने तो ब्रश हातात घेतला, अंगठ्याने केस वाकवले आणि परत ठेवला.

"त्यांची कातडी सध्या नाजूक आहे," ती म्हणाली. "हा तपकिरी द्या."

सिन्योरा मेलीनांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. पुढे काही न विचारता त्यांनी ब्रश दोन कागदांत गुंडाळला.

बसमध्ये नोएमी समाधानात होती. बऱ्याच दिवसांत तिच्या हातून एक गोष्ट नेमकी झाली होती. तिने अडचण मांडली होती, पर्याय तपासले होते आणि योग्य तो निवडला होता.

लिबोरिओने पुडा दुसऱ्या दिवशी सकाळी न्हाणीघरात उघडला. आरशासमोर त्याच्यासाठी स्वयंपाकघरातली खुर्ची ठेवलेली असे. त्याने ब्रश उलटापालटा करून पाहिला, वास घेतला आणि सवयीने पाण्याच्या मगात उभा करून ठेवला.

"बाबा, हा भिजवायचा नसतो."

"भिजवायचा नाही? मग पितो काय हा?"

"पीतच नाही. डुकराचा केस स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ तिसरा हिस्सा पाणी आत ओढतो. हा आत काही घेत नाही. जे पाणी राहतं ते दोन केसांच्या मधे."

"म्हणजे तुझ्या आईच्या भावासारखा. बसतो मैफलीत, पण पीत नाही."

त्याने ऐकलं नाही, चांगला निथळता ब्रश साबणावर फिरवला. फेसाऐवजी पातळ पाणी झालं आणि कोपरापर्यंत ओघळलं. तो हसला. मग नोएमीने सांगितलं तसं केलं, ब्रश फक्त बुडवला, दोनदा झटकला आणि पुन्हा साबणावर धरला. वाटीत फेस वर आला, दाट, चमकदार. त्याने तो गालावर लावला. हात मधेच थांबला, मग दुसऱ्या गालावरून फिरला. डोळे मिटून त्याने ब्रश बराच वेळ हनुवटीखाली गोल गोल फिरवत ठेवला.

"काही टोचत नाही," तो म्हणाला.

"हो ना?" नोएमी मागे उभी होती, खूश. "मी पापणीवर लावून बघितला."

"आज पहिल्याच दिवशी असा?"

"पहिल्या दिवसापासून असाच. याला तयार करावं लागत नाही."

"आणि नंतर?"

"नंतरही असाच. बदलत नाही."

लिबोरिओने वस्तरा हातात घेतला, पण उघडला नाही. न्हावी माणसाशी आरशातून बोलतो. समोर बसलेल्याच्या मागे उभं राहून, काचेत त्याचे डोळे पाहत, त्याने आयुष्यभर गावाच्या गोष्टी ऐकल्या होत्या. कोण खोटं बोलतोय, कुणाची बायको निघून गेलीय, कोण डॉक्टरकडून आलाय. आता तो खुर्चीत होता आणि मुलगी मागे उभी होती, पण पाहण्याची सवय तीच.

"दुकानात डुकराचा नव्हता?"

"होता."

"चांगला?"

"चांगला होता." नोएमी पुढे बोलू लागली, कारण हे सगळं तिला नीट माहीत होतं. "पण तो मऊ पडायला..."

तिथे ती थांबली. बसमध्ये, दुकानात, प्रयोगशाळेत हे वाक्य तिच्या मनात कितीदा आलं होतं, पण ते मोठ्याने म्हटल्यावर त्याच्या टोकाशी काय आहे ते तिला आता दिसलं. आरशात वडील तिच्याकडे पाहत होते. तिने डोळे खाली घेतले, आणि डोळे खाली घेऊ नयेत हे तिला खाली घेतल्यावर कळलं.

"वेळ लागतो," लिबोरिओने वाक्य पुरं केलं.

नळाचं पाणी थेंब थेंब पडत होतं. त्याच्या गालावरचा फेस हळूहळू सुकत चालला होता. त्याने ब्रश पुन्हा वाटीत फिरवून गालावर नवा फेस लावला, अगदी शांतपणे, घाई नसलेल्या गिऱ्हाइकाला लावतात तसा.

"चांगला निवडलास," तो म्हणाला. "मी निवडला असता तर हाच घेतला असता."

"बाबा, मी..."

"दाढी करताना न्हाव्याला बोलायला लावू नये. कापतं."

दाढी झाल्यावर त्याने तोंड धुतलं, तुरटी फिरवली आणि खुर्चीतूनच स्वयंपाकघराकडे आवाज दिला. आवाज बऱ्याच दिवसांत नव्हता इतका मोठा होता. "नुन्झिया! तुझ्या मुलीनं मला नायलॉन आणलंय. बाटल्या धुवायला बरंय. तानोला सांग, उद्या एक डुकराचा ब्रश आण म्हणावं, नवा कोरा. मी तयार करतो. ख्रिसमसला या हातांनी पुन्हा माणसासारखी दाढी करीन."

नुन्झिया हात पुसत दारात आली. तिने नवऱ्याकडे पाहिलं, मग मुलीकडे. नंतर जिन्यात नोएमीला एकटं गाठून तिने तिचा दंड धरला. "ऐकलंस? ख्रिसमस म्हणाला. काही माहीत नाही त्याला, काहीसुद्धा नाही." तिचे डोळे भरून आले होते. "देवाची कृपा. तू सांभाळलंस."

नोएमीने मान हलवली.

दुसऱ्या दिवशी तानो नवा ब्रश घेऊन आला, आणि त्या संध्याकाळपासून एक नवा नेम सुरू झाला. जेवणाआधी लिबोरिओ स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसे. कोमट पाण्यात डुकराचा ब्रश भिजत असे. तो तळव्यावर फेस काढी, नुन्झिया समोर बसून निवडुंगाची फळं सोले किंवा सूपमध्ये टाकायच्या शेवया मोजे, आणि दोघं भांडत.

"साबण संपवणार तू घरातला."

"तू माझा ब्रश शिजवलास, तेव्हा मी साबणाचं नाव काढलं का?"

"आयुष्यभर तेच ऐकवणार आहेस का?"

"आयुष्यभर," लिबोरिओ म्हणे, आणि ब्रश तळव्यावर दाबे.

सकाळी मात्र न्हाणीघराचं दार लावून तो नायलॉननेच दाढी करी. नवा डुकराचा ब्रश त्याच्या गालाला एकदाही लागला नाही. नोएमीला हे एकटीला माहीत होतं. तिने रजा वाढवून घेतली.

ऑक्टोबरच्या मध्यावर त्याचा हात थरथरायला लागला आणि दाढी नोएमी करू लागली, पलंगाच्या कडेला बसून, साध्या सुरक्षित रेझरने. फेस मात्र तो स्वतः बघे. "अजून एक थेंब पाणी. बस. आता बघ, मुठीतून ब्रश उलटा केला तर फेस खाली पडता कामा नये." तो तिला शिकवत होता, आणि शिकवताना त्याचा चेहरा दुकानातल्यासारखा होई.

एका सकाळी ती हनुवटीखाली रेझर फिरवत असताना तो म्हणाला, "इथे तानो फार दाबतो. चाळीसदा सांगितलं असेल, तरी दाबतो."

"मी दाबतेय का?"

"नाही. म्हणूनच सांगतोय. गावात कुणी गेलं की त्याची शेवटची दाढी करायला न्हाव्याला बोलावतात. मलाच बोलावत. मी फेस नेहमी गरम करून लावायचो. लोक म्हणायचे, मास्त्रो, त्याला काय कळणार? त्याला नाही कळत. पण गार फेस लावताना आपला हात आखडतो, आणि आखडलेला हात कापतो." तो थोडा वेळ श्वास घेत पडून राहिला. "तानो येईल, वाईट वाटून घेईल. त्याला सांग, मास्त्रोनं हे काम मुलीला सांगितलंय. तुझ्या या नायलॉननंच कर. याला त्या दिवशीही भिजवावं लागणार नाही."

नोएमीने रेझर टॉवेलवर ठेवला. ती रडली, आवाज न करता. आई पलीकडच्या खोलीत होती. लिबोरिओने तिचं मनगट धरून ठेवलं.

"आईला नको कळू देऊस," तो म्हणाला. "मला कळलंय हे तिला कळलं, तर ती एकही रात्र झोपणार नाही. तुझी शपथ घालतो."

"बाबा, तिनंही मला..."

"माहीत आहे. तिनंही घातली असणार. इतकी वर्षं एकाच उशीवर झोपतोय आम्ही." त्याने डोळे मिटले. "उजवा गाल राहिलाय."

त्यानंतर काही दिवसांतच टेबलाशी येऊन बसणं त्याला जमेना. संध्याकाळ झाली, पाणी कोमट केलं, पण ब्रश भिजवायला कुणी नव्हतं. नुन्झियाने पाण्याचा मग आणि साबण ट्रेमध्ये ठेवला, पलंगाशी खुर्ची ओढली आणि ब्रश स्वतःच्या तळव्यावर घासू लागली.

"असा नाही," लिबोरिओ उशीवरून म्हणाला. "गोल फिरव. तू फरशी पुसतेयस."

"फरशी मी गोलच पुसते. तुला कुठे माहीत, तू कधी पुसलीयस?"

तो हसला. नोएमी दारात उभी होती. पुढच्या संध्याकाळीही नुन्झिया बसली, त्याच्या पुढच्याही. कधी तो बोले, कधी नुसता ऐके. तिच्या तळव्याच्या मधोमध कातडी लाल झाली, मग सोलवटली. तरी ती घासत राही आणि मधूनमधून टोकं स्वतःच्या गालावर लावून पाही.

एकदा स्वयंपाकघरात तिचा तो हात नोएमीने पाण्याखाली धरला आणि त्यावर मलम लावलं.

"आई, पुरे आता. हाताची काय दशा करून घेतलीयस. रोज कशाला?"

नुन्झिया मलमाकडे पाहत होती. "अजून टोचतोच गं," ती म्हणाली. "महिने लागतात, हे मला माहीत नाही असं वाटतं तुला? न्हाव्याची बायको आहे मी. घरात किती ब्रश तयार झालेले पाहिलेत." तिने हात सोडवून घेतला. "ख्रिसमस म्हणाला तेव्हाच कळलं मला, की त्याला माहीत आहे; जिन्यात तुला तसं दाखवलं नाही. कुठलाही ब्रश कधी तयार होईल, हे त्यानं जन्मात आधी सांगितलं नाही. मास्त्रो तारीख देत नसे कुणाला."

नोएमी हळूच म्हणाली, "मग बोल ना त्यांच्याशी. दोघांनाही माहीत आहे. आता लपवायचं काय राहिलंय?"

"आणि बोलून काय करू?" नुन्झियाचा आवाज खाली आला. "बोललो तर दोघांनाही रडत बसावं लागेल. रडायला मला पुढे वेळ आहे. आता संध्याकाळी तो मला नावं ठेवतो, मी त्याला ठेवते. त्याला वाटतं, मला काही कळत नाही. वाटू दे. एवढं एकच तो माझ्यासाठी करू शकतोय अजून, तेही काढून घेऊ?"

आतून लिबोरिओचा आवाज आला, बारीक, तरी तक्रारीचा. "नुन्झिया, पाणी गार झालं असेल ते."

"आले रे. जीव घेशील माझा."

तिने पाणी पुन्हा शेगडीवर ठेवलं, त्यात करंगळी बुडवून पाहिली, नळाखाली चेहऱ्यावर दोन हबके मारले आणि मग घेऊन आत गेली.